विहिरीला पेट्रोलचा वास? पंचनाम्यावर थांबू नका

रस्ते रुंदावले तसे पेट्रोल पंप शिवाराला येऊन भिडले. पंपाची जमिनीखालची टाकी किंवा पाइप गंजला, तरी गळती वरून दिसत नाही. अमेरिकेने यासाठी १९८४ साली कायद्यात तरतूद केली. तेव्हापासून तिथे ५ लाखांहून अधिक गळत्या नोंदल्या गेल्या.

पेट्रोल पाण्यावर तरंगते, पण त्यातले बेंझीन पाण्यात विरघळते. त्याने कर्करोग होतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. आपल्या काळ्या पाषाणात ते भेगांतून वाट काढते. जवळची विहीर सुटते, लांबची नासते, असेही घडू शकते.

वास आला की ते पाणी पिणे, जनावरांना पाजणे बंद करा. विहिरीत उतरू नका, काठावर विडी-काडी ओढू नका.

ग्रामपंचायतीने पंचनाम्यावर भागवू नये. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला लेखी कळवावे. पाण्याचा नमुना काचेच्या बाटलीत काठोकाठ, हवा न ठेवता घ्यायला लावावा. पंपाच्या चढाकडच्या नि उताराकडच्या, दोन्ही विहिरी तपासाव्यात. टाकीतल्या रोजच्या मापाचा विक्रीशी मेळ बसतो का, हेही पाहायला सांगावे. पावसाळ्यात पाणी चढले की वास दबेल. म्हणून दोष गेला असे समजू नका. अर्ज आजच द्या.