एकीचा राजमार्ग आणि चोरवाट

दोन भावांची वांटणी झाली, मध्यें भिंत उभी राहिली, आणि कांहीं वर्षांनीं त्यांतील एकाच्या मनांत आलें कीं भाऊ पुन्हां जवळ यावा, तर त्याला पहिली अडचण कोणाची येते? ज्या वाचकांनीं असा प्रसंग पाहिला असेल ते सांगतील कीं, भिंतीपलीकडच्या भावाची अडचण दुसरी. पहिली अडचण आपल्याच माजघरांतली. एक म्हणतो, "झालें गेलें विसरावें." दुसरा म्हणतो, "त्यानें केलेलें आम्हीं विसरावें तरी कसें?" आणि म्हातारी आई ह्या वादांत न पडतां एवढेंच विचारते कीं, डोळे मिटण्यापूर्वीं धाकट्याचें तोंड दिसेल काय? ह्या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों ती हकीकत अशाच एका घराची आहे. मात्र तें घर म्हणजे एक सबंध राष्ट्र आहे, आणि त्याचें नांव कोरिया.

१९४५ सालीं दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां जपानच्या ताब्यांतून सुटलेल्या ह्या देशावर ३८ व्या अक्षांशाची रेघ ओढली गेली. उत्तरेकडे रशियन फौजा, दक्षिणेकडे अमेरिकन. १९४८ मध्यें दोन्हीकडे दोन सरकारें स्थापन झालीं, आणि सबंध देश आपलाच असा हक्क प्रत्येकानें सांगितला. १९५० च्या जूनमध्यें उत्तरेनें दक्षिणेवर चाल केली. १९५३ च्या जुलैंत युद्धविराम झाला, परंतु तह असा अद्यापि झालेला नाहीं. जे युद्धकैदी मायदेशीं परत जाण्यास नाखूष होते त्यांना सांभाळण्याचें नाजूक काम त्या वेळीं आपल्या सैन्याकडे आलें होतें, आणि त्या तुकडीचे प्रमुख आपल्या कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात हे होते. त्या कैद्यांत कांहीं असेहि निघाले कीं, उत्तर नको आणि दक्षिणहि नको, असें म्हणून त्यांनीं तिसराच देश मागितला, व ते आपल्या देशांत आणले गेले. घर दुभंगलें म्हणजे माणसाला त्याचे दोन्ही भाग परके वाटूं लागतात, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांला ठाऊक नाहीं.

पुढें साडेचार दशकें दोन्ही घरांनीं एकमेकांचें तोंड पाहिलें तें बहुधा बंदुकीच्या नळीवरून. १९९८ च्या फेब्रुवारींत किम डे-जुंग दक्षिणेचे अध्यक्ष झाले. हुकूमशाहीच्या काळांत त्यांना परमुलखांतून पळवून आणण्यांत आलें होतें, पुढें देहान्ताची शिक्षाहि फर्मावण्यांत आली होती. अशा माणसाच्या शब्दाला साहजिकच वजन होतें. इसापाच्या गोष्टींत प्रवाशाचा अंगरखा वाऱ्याच्या सोसाट्यानें निघाला नाहीं, तो सूर्याच्या उबेनें निघाला. त्या गोष्टीवरूनच किम ह्यांच्या धोरणाला 'सूर्यप्रकाशाचें धोरण' असें नांव पडलें.

त्याच वर्षीं ह्युंदाई उद्योगसमूहाचे संस्थापक चुंग जू-युंग ह्यांनीं एक विलक्षण गोष्ट केली. त्यांचा जन्म आतां उत्तरेंत असलेल्या एका खेड्यांतला. वडिलांनीं गाय विकून ठेवलेले पैसे घेऊन ते तरुणपणीं घरांतून पळाले होते. वयाचीं ऐशी वर्षें उलटल्यावर त्यांनीं जूनमध्यें ५०० आणि ऑक्टोबरमध्यें ५०१ गुरें मालमोटारींत घालून पानमुंजोमच्या वाटेनें सरहद्दीपार नेलीं. एका गाईचें ऋण एक हजार एक गुरांनीं फिटलें! हें दान उघड्या रस्त्यानें, दिवसाढवळ्या, साऱ्या जगाच्या देखत गेलें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

२००० सालच्या जूनमध्यें किम डे-जुंग उत्तरेच्या राजधानींत, प्योंगयांगला, गेले आणि उत्तरेचे सर्वाधिकारी किम जोंग-इल ह्यांना भेटले. दोन्ही घरांच्या कर्त्यांची अशी भेट पूर्वीं कधीं झाली नव्हती. ह्या भेटीची घोषणा संसदेच्या निवडणुकीस अवघे तीन दिवस उरले असतां झाली होती, म्हणून विरोधकांनीं नाकें मुरडलीं. परंतु ऑगस्टांत दोन्हीकडच्या शंभर शंभर माणसांना आपल्या ताटातूट झालेल्या आप्तांना भेटतां आलें, तेव्हां टीका करणारांचेहि डोळे कोरडे राहिले नसतील. त्याच वर्षीं किम ह्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें.

येथवरची कथा गोड आहे. कडू भाग २००२ च्या सप्टेंबरांत सुरू झाला. ग्रँड नॅशनल ह्या विरोधी पक्षानें आरोप केला कीं, सरकारी बँकेनें ह्युंदाईच्या जहाजकंपनीला मोठें कर्ज दिलें, आणि तो पैसा भेटीपूर्वीं गुपचूप उत्तरेकडे गेला. सरकारपक्षानें प्रथम तें नाकारलें. पुढच्या जानेवारींत सरकारी हिशेबतपासणींत आरोपाचा बराचसा भाग खरा ठरला, आणि पद सोडण्यास अकरा दिवस उरले असतां, १४ फेब्रुवारी २००३ रोजीं, किम ह्यांना राष्ट्राची क्षमा मागावी लागली. एकंदर व्यवहार ५० कोटी डॉलरांचा होता. त्यांतील बहुतेक रक्कम उत्तरेंतील उद्योगांच्या हक्कांसाठीं होती. परंतु १० कोटींचा वांटा सरकारनें कबूल केलेला होता, असें विशेष चौकशींत पुढें आलें. भेट मुळांत १२ जूनला ठरली होती व ती एक दिवस लांबली होती. आतां लोक त्या एका दिवसाचाहि हिशेब पैशाशीं लावूं लागले.

ही चौकशी व्हावी कीं न व्हावी, हा प्रश्न ज्यांच्या गळ्यांत पडला ते नवे अध्यक्ष रोह मू-ह्यून किम ह्यांच्याच पक्षाचे. त्यांनीं सूत्रें हातीं घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशीं विरोधी बहुमतानें विशेष चौकशीचा कायदा मंजूर केला. तो नाकारण्याचा अधिकार रोह ह्यांना होता. त्यांनीं तो वापरला नाहीं. मार्चमध्यें कायद्यावर सही केली. निकाल काय झाला? गुप्तहेर खात्याचे माजी प्रमुख दोषी ठरले. किम ह्यांचे निकटचे सहकारी पार्क जी-वॉन तुरुंगांत गेले. आणि ज्यांनीं गुरें नेलीं त्यांचे पुत्र चुंग मोंग-हुन ह्यांनीं, खटला चालू असतांनाच, ४ ऑगस्ट २००३ रोजीं आपल्या कचेरीच्या इमारतींत जीवनाचा अंत केला. पित्यानें उघड्या रस्त्यानें नेलेल्या गुरांची कथा आणि पुत्रानें आडवाटेनें पाठविलेल्या पैशाची कथा ह्यांत अवघीं पांच वर्षें गेलीं. स्वतः किम ह्यांच्यावर खटला झाला नाहीं, व हा पैसा त्यांनीं आपल्या घरांत नेला असें कोठेंहि सिद्ध झालें नाहीं. हें सांगणें न्यायाचें आहे.

ह्यानंतर पक्ष फुटला. फुटीचीं कारणें अनेक होतीं. प्रांताभिमानाचें राजकारण हें त्यांत मोठें. परंतु आपल्याच माणसानें आपल्या वडीलधाऱ्याची चौकशी होऊं दिली, ही सल जुन्या मंडळींच्या मनांत होती. २००३ च्या नोव्हेंबरांत रोह ह्यांच्या अनुयायांनीं वेगळी चूल मांडली. त्यांच्या नव्या पक्षाच्या नांवांतील 'उरी' शब्दाचा अर्थ 'आपला' असा आहे! पुढच्या मार्चमध्यें जुन्या पक्षानें काल ज्यांच्याशीं वैर होतें त्या ग्रँड नॅशनलशीं हातमिळवणी केली आणि रोह ह्यांना पदच्युत करण्याचा ठराव १९३ मतांनीं मंजूर झाला. जनतेला तें मानवलें नाहीं. एप्रिलच्या निवडणुकींत २९९ पैकीं १५२ जागा 'आपल्या' पक्षाला मिळाल्या. जुना पक्ष ९ जागांवर आला. मे महिन्यांत न्यायालयानें पदच्युतीचा ठरावहि फेटाळला.

तर मग ज्यांनीं बोट दाखविलें ते स्वच्छ होते काय? मुळींच नाहीं. २००२ च्या अध्यक्षीय निवडणुकीसाठीं ग्रँड नॅशनल पक्षानें एका बड्या उद्योगगृहाकडून खोक्यांत भरलेल्या नोटा मालमोटारीसकट घेतल्या होत्या, हेंहि लवकरच उघडकीस आलें. लाजेनें त्या पक्षाला आपली आलीशान कचेरी सोडून तंबूंत बिऱ्हाड करावें लागलें. एका पक्षाची मालमोटार उत्तरेच्या नांवानें बदनाम, दुसऱ्याची निवडणुकीच्या. आणि भांडण मात्र असें कीं, देशभक्त कोण? कोरियांतील लोक ह्या भांडणाला 'दक्षिणेचा दक्षिणेशीं कलह' म्हणतात. हे शब्द किती मार्मिक आहेत!

आमच्या वाचकांपैकीं कांहीं विचारतील, "पैसे देऊन रक्तपात टळत असेल तर बिघडलें काय?" प्रश्न खोटा नाहीं. फाळणी झालेल्या जर्मनींतहि पश्चिमेच्या सरकारनें १९६३ पासून १९८९ पर्यंत पूर्वेकडील सुमारे ३३,००० राजकीय कैदी मोबदला देऊन सोडविले, व तेंहि बव्हंशीं गुप्तपणें. परंतु तेथें सरकार एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेलें तरी तो व्यवहार चालूच राहिला. म्हणजे तें गुपित एका पक्षाचें नव्हतें, घरांतील सर्व कर्त्या माणसांचें होतें. कोरियांत तें एका माजघराचें गुपित झालें. जें दुसऱ्या माजघरापासून लपविलें तें उघडकीस येतांच दुसऱ्याचें शस्त्र झालें. दोष दिल्याचा नव्हता. दोष लपविल्याचा होता. एक हजार एक गुरांवर कोणी खटला भरला नाहीं.

ह्या लपवाछपवीची किंमत दहा कोटी डॉलरांहून मोठी आहे. पुढें उत्तरेशीं बोलूं पाहणाऱ्या प्रत्येक माणसाला "ह्या वेळीं किती दिले?" हा प्रश्न ऐकावा लागला. २०२० सालीं पार्क जी-वॉन गुप्तहेर खात्याचे प्रमुख नेमले गेले, तेव्हां वीस वर्षांपूर्वींचें तेंच प्रकरण पुन्हां उकरलें गेलें. सारा दोष दक्षिणेचा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २०२० च्या जूनमध्यें दोन्ही सरकारांच्या संपर्कासाठीं बांधलेली इमारत उत्तरेनें सुरुंगानें उडविली, आणि २०२४ च्या आरंभीं एकीकरणाचें ध्येयच सोडल्याचें जाहीर करून प्योंगयांगमधील एकीची कमान पाडून टाकली.

आणि ती म्हातारी आई? दक्षिणेंत आप्तांच्या भेटीसाठीं नांवें नोंदविणारांची संख्या १,३०,००० च्या वर गेली होती. २०१८ च्या ऑगस्टांत अशी शेवटची भेट झाली. नोंद करणारांपैकीं बहुतेक आतां हयात नाहींत. पक्ष फुटले ते पुन्हां जुळले, नांवें बदललीं, पुढारी तुरुंगांत जाऊन पुन्हां पदावर आले. राजकारणांत सर्वांना दुसरी संधि मिळते. मिळत नाहीं ती दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसांना. आपल्या घरांत तुटलेलें नातें सांधावयाचें असेल, तर भिंतीपलीकडे निरोप धाडण्यापूर्वीं आपल्या माजघरांत सर्वांना बसवून तो निरोप मोठ्यानें वाचून दाखवावा. त्याला वेळ लागेल, वाद होईल. परंतु उघड्या रस्त्यानें गेलेला निरोप परत आणण्यास कोणी धांवत नाहीं.