गारव्याच्या शोधात

एप्रिल सरत आला की खानदेशातील घराघरांत दोन विषय हटकून निघतात. एक घराच्या राहिलेल्या डागडुजीचा, दुसरा चार दिवस थंड हवेला जाण्याचा. मुलांना सुट्टी असते, पावसाला अवधी असतो. म्हणून गच्चीची गळती, फरशी, रंग हे सारे याच दिवसांत काढले जाते. अलीकडे त्यात तिसऱ्या विषयाची भर पडली आहे. सीमेपलीकडे सापुताऱ्याला किंवा सातपुड्यात तोरणमाळला उन्हाळ्यापुरते एखादे घर असावे, ही ती हौस. गेल्या वर्षी मी ही सारी कामे एकदमच अंगावर घेतली. त्याची किंमत माझ्या आईने मोजली, म्हणून आज हा विषय.

जळगावच्या आमच्या घरी जुनी फरशी काढून नवी बसवण्याचे काम चालू होते. एका रविवारी घर कामगारांवर सोपवून पत्नी आणि मी सापुताऱ्याकडे एक जागा पाहायला गेलो. आईला दम्याचा जुना त्रास. मागच्या खोलीचे दार लावून घेतले की पुरे, असा माझा समज. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा आम्ही घाटात होतो. आईला धाप लागली होती आणि तिचा पंप सापडत नव्हता. सापडणार कसा? हलवलेल्या कपाटातील सामानाबरोबर मीच तो खोक्यात बंद केला होता. शेजाऱ्यांनी तिला तातडीने रुग्णालयात नेले म्हणून निभावले. आम्ही रात्री पोहोचलो, तेव्हा ती प्राणवायूच्या नळीआडून एवढेच म्हणाली, “गार हवा तुमले, अन् धूळ माले!”

हजारो रुग्णांना धुळीपासून जपायला सांगणाऱ्या डॉक्टरला हे ऐकावे लागले. तेव्हा माझ्या चुकांतून जे शिकलो, ते तुमच्यापुढे ठेवतो.

फरशी, काँक्रीट किंवा दगड कोरडा कापला की सिलिकाचे अतिसूक्ष्म कण उडतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, दाराच्या फटीतून सहज आत येतात आणि फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्यामुळे कापणी पाणी सोडूनच करावी, शक्यतो घराबाहेर. साधा रुमाल या कणांना अडवत नाही. एन-९५ मास्क लागतो, आणि तो कामगारांनाही द्यायला हवा. त्यांना तर ही धूळ रोज खावी लागते. झाडू मारण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. दमेकरी, गर्भवती आणि लहान मुले यांना तोडफोडीच्या दिवसांत नातेवाइकांकडे पाठवणे उत्तम.

रंगाचेही तसेच. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. तो कोरडा घासला की त्याची पूड मुलांच्या हातातोंडात जाते, आणि शिसे वाढत्या मेंदूला घातक असते. म्हणून जुना रंग ओला करूनच खरवडावा. ओल्या सिमेंटमध्ये तीव्र क्षार असतो. ते अंगावर पडल्यास त्वचा भाजते. लगेच भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे.

आता गारव्याकडे वळू. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंच आहे, तर सापुतारा सुमारे १००० मीटर. हजार मीटर चढल्यावर तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे इथल्या चव्वेचाळीसच्या जागी तिथे एकोणचाळीसच्या आसपास. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, आणि थंड हवेत राहिल्यावर ती सवय काही आठवड्यांत मोडते. मुक्काम लांबवून भर मे महिन्यात परतणाऱ्यांनी पहिले काही दिवस दुपारचे बाहेर पडणे टाळावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे. परस्पर गोळी बंद करू नये.

जागा घेणाऱ्यांनी कायदाही पाहावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ‘३६अ’ कलमानुसार आदिवासी खातेदाराची जमीन शासकीय मंजुरीशिवाय बिगर-आदिवासी व्यक्तीला घेता येत नाही, आणि तोरणमाळचा परिसर आदिवासींचाच आहे. गुजरातेतील डांगमध्येही अशी बंधने आहेत. आम्ही पाहिलेल्या जागेबाबत दलालाने हे सांगितलेच नव्हते. अशा व्यवहाराचा घोर झोप घालवतो आणि रक्तदाब चढवतो. त्या दोन महिन्यांत मी स्वतःची गोळी कितीदा विसरलो, हे लिहायला संकोच वाटतो.

अखेर आम्ही जागेचा नाद सोडला. धुळे जिल्ह्यातील आमचे गावाकडचे घर धाब्याचे होते. जाड मातीच्या भिंती, माथ्यावर मातीचा थर. भर दुपारी तिथे डोळा लागत असे. ते घर आता परत येणार नाही, पण त्यातले शहाणपण घेता येते. आम्ही गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. पांढरे छप्पर ऊन परतवते. अहमदाबादेतही उष्णतेवरील उपाय म्हणून वस्त्यांमधली छपरे पांढरी केली गेली. खर्च एका रंगकामाहूनही कमी आला.

तेव्हा वाचकहो, एका वेळी एकच काम काढा. सामान हलवण्याआधी घरातील प्रत्येकाची औषधे एका पिशवीत घालून ती ठरलेल्या खुंटीला टांगा, आणि पिशवी कुठे आहे ते शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. कामगारांसाठी सावलीत माठ भरून ठेवा. आमच्या घरी ती पिशवी आता आईच्या पलंगाशेजारी असते. चुन्याखालच्या त्या खोलीत ती दुपारी शांत झोपते, आणि मी दवाखान्यातून आलो की आधी तिच्या श्वासाचा आवाज ऐकतो.