मत मागून बांधलेले मैदान

अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल संघांचे मालक शहराला धाक घालून नवे स्टेडियम पदरात पाडून घेतात. नाही मिळाले तर बिऱ्हाड हलवतात. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स संघ रातोरात ट्रक भरून इंडियानापोलिसला गेला. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या शहरातून पॅकर्स संघ मात्र हललेला नाही. तिथे संघ लाखो भागधारकांचा आहे आणि लॅम्बो फील्ड हे उघडे स्टेडियम शहराच्या मालकीचे.

पॅकर्सचे शाळेमागचे जुने मैदान अपुरे पडू लागले, तेव्हा एप्रिल १९५६ मध्ये नव्या स्टेडियमसाठी नागरिकांचे मत घेतले गेले. ९ लाख ६० हजार डॉलरचे रोखे, त्यातली निम्मी फेड संघाकडे. शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलास यांनी, कट्टर प्रतिस्पर्धी असूनही, ग्रीन बेला येऊन बाजूने प्रचार केला. दुपटीहून अधिक मतांनी कौल मिळाला आणि १९५७ मध्ये स्टेडियम उघडले, तेही बेअर्सविरुद्धच्याच सामन्याने.

३१ डिसेंबर १९६७ च्या विजेतेपदाच्या लढतीत तिथे पारा उणे २५ अंशांवर होता. गवताखालची तापवणारी यंत्रणा बंद पडली, मैदान दगडासारखे गोठले. पंचांची धातूची शिट्टी ओठांना चिकटली. पुढचा खेळ त्यांनी ओरडून चालवला. प्रेक्षक शेवटपर्यंत बाकांवर बसून होते. आजही बर्फ पडला की सामन्याआधी शेकडो लोक फावडी घेऊन स्टँड मोकळे करायला येतात आणि त्याची तासावर मजुरी घेतात.

२००० साली स्टेडियमच्या नूतनीकरणासाठी, ग्रीन बे ज्यात येते त्या ब्राउन काउंटीत अर्धा टक्का विक्रीकराचा प्रस्ताव आला. तो ५३ विरुद्ध ४७ टक्क्यांनी मंजूर झाला. विरोधकांचे म्हणणे खोटे नव्हते: कधीच सामन्याला न जाणाऱ्या गरिबाच्या खरेदीवरही हा कर बसणार होता. म्हणूनच तो आधी विचारून लावला आणि काम भागल्यावर २०१५ मध्ये बंद केला, हे महत्त्वाचे. सार्वजनिक तिजोरीकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक संघाला या दोन अटी घातल्याच पाहिजेत. पॅकर्सनी २०१३ मध्ये सुमारे सात हजार जागा वाढवल्या, त्या नवा कर न मागता. त्यासाठी अडीचशे डॉलरचा एक असे भाग विकायला काढले होते. लाभांश नाही, बाजारात विकण्याची सोय नाही; तरी अडीच लाखांहून अधिक भाग खपले.