भाडेपट्ट्यावरचे ऊन

कर्नाटकाच्या तुमकुरु जिल्ह्यातील पावगडा तालुका हा परंपरेने दुष्काळी प्रदेश. पाऊस बेभरवशाचा, विहिरी खोल गेलेल्या आणि भुईमुगाचे पीक हाती येईलच याची शाश्वती नाही. निसर्गाने पाण्याच्या बाबतीत हात आखडता घेतला. उन्हाच्या बाबतीत मात्र तो सढळ राहिला. याच उन्हाच्या भरवशावर तिरुमणी आणि परिसरातील पाच गावांच्या सुमारे १३,००० एकर जमिनीवर २,०५० मेगावॉट क्षमतेचा सौर ऊर्जा प्रकल्प उभा राहिला. मार्च २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि पुढील वर्षअखेरपर्यंत तो पूर्ण क्षमतेला पोहोचला.

या प्रकल्पाचे वेगळेपण त्याच्या आकारापेक्षा व्यवहाराच्या स्वरूपात अधिक आहे. केंद्र आणि राज्य शासनाच्या संस्थांनी मिळून २०१५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ही जमीन विकत घेतली नाही. ती २८ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. सातबाऱ्यासारख्या दप्तरी मालक शेतकरीच राहिला. भाडे ठरले एकरी वार्षिक २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. दहा एकरांच्या धन्याला वर्षाकाठी २ लाख १० हजार रुपये घरबसल्या मिळू लागले. ज्या जमिनीतून बियाण्याचा खर्चही कधी निघत नसे, तिच्या मालकाला हे उत्पन्न वरदान वाटले, यात नवल नाही.

तथापि, दीर्घ मुदतीचा करार पहिल्या वर्षाच्या रकमेवरून जोखू नये. दोन वर्षांनी ५ टक्के म्हणजे वर्षाला अडीच टक्क्यांहूनही किंचित कमी. या हिशेबाने २७ व्या वर्षी भाडे सुमारे ३९,६०० रुपये होईल. रिझर्व्ह बँकेसमोर महागाईचे जे ४ टक्क्यांचे लक्ष्य ठेवलेले आहे, तेवढ्याच दराने भाव वाढत गेले असे धरले, तरी पहिल्या वर्षीच्या २१,००० रुपयांची क्रयशक्ती टिकवण्यास त्या वर्षी सुमारे ५८,२०० रुपये लागतील. म्हणजेच हाती येणाऱ्या भाड्याचे मोल आरंभीच्या रुपयांत जेमतेम १४,३०० भरेल. आकडा वाढत जातो आणि त्याचे मोल घटत जाते. मुदत ठेवीच्या व्याजावर संसार चालवणाऱ्या ज्येष्ठांना हे गणित वेगळे सांगावे लागणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. भाडे जमीनमालकाला मिळते. त्याच शेतात खुरपणी आणि काढणी करणाऱ्या भूमिहीन मजुराच्या नावे कोणताही पट्टा नसतो. शेत बंद झाले की त्याची मजुरी बंद होते. पटलांची धूळ पुसणे, गवत काढणे, पहारा देणे अशी कामे निघतात. परंतु ती सर्वांना पुरत नाहीत. मेंढपाळाची चराईही कुंपणाआड जाते. त्यांचे नुकसान ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही. म्हणून ते झालेच नाही, असे मात्र म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील वाचकांना हा विषय दूरचा नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दर वर्षी ३ टक्के वाढ देऊ केलेली आहे. वाढीचा हा दर पावगड्याहून सरस, तरीही ४ टक्क्यांच्या आत आहे. वडिलोपार्जित माळरान अशा योजनेस देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाने सही करण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात : भाडेवाढ कोणत्या दराने होणार, भाडे थकल्यास उपाय कोणता, मुदत संपल्यावर खांब आणि पाया उपटून जमीन पूर्ववत करून देण्याचा खर्च कोणाचा, आणि वारसांची नावे नोंदली गेली आहेत काय.

आणखी एक गोष्ट करारात लिहिलेली नसते. त्या शेतावर पिढ्यान्पिढ्या राबलेल्या माणसासाठी या भाड्यातून काय बाजूला ठेवायचे, हे घरातील वडीलधाऱ्यांनीच ठरवायचे असते. ऊन सर्वांवर सारखेच पडते. त्याचे भाडे मात्र मालकाच्याच खात्यावर जमा होते.