बागुलबुवा चुकीच्या दारात

३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेतल्या असंख्य घरांत जेवणाच्या टेबलावर एक झडती चालते. भुतांचे, चेटकिणींचे, सांगाड्यांचे वेश करून मुले आळीभर फिरलेली असतात आणि दारोदार ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत त्यांनी पिशवीभर खाऊ गोळा केलेला असतो. ती पिशवी टेबलावर उपडी होते आणि आईवडील एकेक गोळी, एकेक चॉकलेट दिव्याखाली धरून पाहतात. वेष्टन फाटले आहे का, सुईचे भोक दिसते का, कोणी उघडून पुन्हा चिकटवले आहे का? एके काळी काही रुग्णालये या खाऊचे एक्स-रे फुकट काढून देत. हॅलोविनची नकोशी बाजू म्हटली की बाजारूपणा, प्लास्टिकचे सांगाडे, वाया जाणारे भोपळे आणि दात किडवणारी साखर ही यादी हटकून पुढे येते. तिथल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये या सणावरचा खर्च १२ अब्ज डॉलरच्या पुढे जाईल असा अंदाज वर्तवला होता, तेव्हा यादी काही खोटी नाही. पण अशी यादी कोणत्या सणाची करता येत नाही? दिवाळीचीही करता येते. हॅलोविनचा खास म्हणावा असा दोष त्या टेबलावरच्या झडतीत दिसतो. भीतीशी खेळण्यासाठी असलेल्या या सणात भ्यायचे कोणाला, याचा नेम साफ चुकला आहे, आणि त्याची किंमत प्रामुख्याने मुलेच मोजतात.

विषारी खाऊच्या दहशतीमागे पुरावा किती, हे तपासण्याचे काम समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट गेली चार दशके चिकाटीने करत आहेत. जेराल्ड होरियुची यांच्यासह त्यांनी १९८५ मध्ये पहिला शोधनिबंध लिहिला. १९५८ पासूनच्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या त्यांनी चाळल्या आणि पुढेही दर वर्षी नोंद ठेवली. अनोळखी माणसाने दारात आलेल्या मुलाला विषारी खाऊ देऊन मारले किंवा गंभीर जखमी केले, असे सिद्ध झालेले प्रकरण त्यांना सापडले नाही. सफरचंदात ब्लेड निघाल्याच्या बातम्या होत्या, पण त्यांतल्या बहुतेक लबाड्या निघाल्या. मृत्यूच्या ज्या दोन प्रकरणांकडे बोट दाखवले जाते, ती तर या समजुतीच्या नेमकी उलट साक्ष देतात. १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये पाच वर्षांचा एक मुलगा हेरॉइन पोटात गेल्याने दगावला. ते त्याला नातेवाइकाच्या घरी सापडले होते, आणि घरच्याला वाचवण्यासाठी हॅलोविनच्या खाऊवर मागाहून हेरॉइन भुरभुरवले गेले होते. १९७४ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टनजवळ रोनाल्ड ओब्रायन नावाच्या माणसाने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला सायनाइड मिसळलेली गोड पूड नळीतून दिली. मुलाच्या विम्याच्या पैशांवर त्याचा डोळा होता. संशय येऊ नये म्हणून तशाच नळ्या त्याने आणखी चार मुलांनाही दिल्या होत्या. सुदैवाने त्या कोणी खाल्ल्या नाहीत. कोण्या अंधाऱ्या घरातल्या माणसाने हा खाऊ दिला, असे त्याने पोलिसांना सांगितले. ही थाप पचेल असे त्याला वाटले, कारण अनोळखी विषप्रयोग्याची गोष्ट तोवर घरोघरी पोचली होती. १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. गोष्ट मात्र जिवंत राहिली, आणि विचित्र म्हणजे त्याचेच प्रकरण तिचा पुरावा म्हणून सांगितले जाऊ लागले.

यावर कोणी म्हणेल, आईवडील डोळ्यांत तेल घालून पाहतात म्हणूनच काही घडत नसेल. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण मुले पिशवी घरी आणेपर्यंत निम्मा खाऊ वाटेतच फस्त करतात, हे कोणाही पालकाला ठाऊक असते. शिवाय बेस्ट यांच्या नोंदी झडतीची प्रथा रुळण्याच्या आधीच्या काळापासूनच्या आहेत. १९८२ च्या शरदात शिकागो परिसरात टायलेनॉलच्या कॅप्सुलांत कोणीतरी सायनाइड भरले आणि सात माणसे मेली. तो अनोळखी मारेकरी खरा होता, पण त्याने हात घातला होता दुकानातल्या औषधात. तरी महिन्याभरात आलेल्या हॅलोविनला गावोगावच्या अधिकाऱ्यांनी मुलांचे दारोदार फिरणे आवरते घेतले. २०२२ मध्ये रंगीत गोळ्यांच्या रूपातल्या फेंटानिलबद्दल अमली पदार्थविरोधी यंत्रणेने इशारा दिला, तो ऑगस्टमध्ये आणि हॅलोविनचा उल्लेख न करता. पण ऑक्टोबरपर्यंत राजकारण्यांनी आणि वाहिन्यांनी तो मुलांच्या पिशवीत नेऊन टाकला. कोणी महागडे अमली पदार्थ परक्या पोरांना फुकट का वाटेल, हा प्रश्न विक्रेत्याच्या बाजूने विचारला असता तर बातमी तिथेच संपली असती. गांजाच्या गोळ्यांचा धोका खरा आहे, हे मान्यच करायला हवे. अमेरिकेत सहा वर्षांखालच्या मुलांनी त्या खाल्ल्याच्या नोंदी २०१७ मध्ये २०७ होत्या, २०२१ मध्ये ३,०५४ झाल्या. पण या घटना बहुतांशी राहत्या घरांत घडलेल्या आहेत. शोधायचेच असेल तर शेजारणीने दिलेल्या चॉकलेटाऐवजी आपले कपाट उघडून पाहावे.

मग त्या रात्री मुले मरतात कशाने? रस्त्यावरच्या मोटारींनी. कॅनडातले संशोधक जॉन स्टेपल्स आणि डोनाल्ड रेडेलमायर यांनी सहकाऱ्यांसह १९७५ ते २०१६ या काळातल्या ४२ हॅलोविनच्या संध्याकाळी तपासल्या. तुलनेसाठी प्रत्येक वेळी आठवडाभर आधीची आणि नंतरची तीच संध्याकाळ घेतली. संध्याकाळी पाचपासून मध्यरात्रीपर्यंत अमेरिकेत त्या ४२ हॅलोविनना ६०८ पादचारी वाहनांखाली मेले. तुलनेच्या ८४ संध्याकाळी ८५१. म्हणजे हॅलोविनला जोखीम ४३ टक्क्यांनी जास्त, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ती सुमारे दहापट. कारणे समजायला कोणी गुप्तहेर नको. अंधार पडता पडता गडद कपड्यातली, मुखवट्याच्या भोकांतून जेमतेम दिसणारी मुले पावलोपावली रस्ता ओलांडतात, आणि गाड्या त्यांच्या नेहमीच्या वेगाने येत असतात. इथेही प्रामाणिक राहायला हवे. सरासरी काढली तर एका हॅलोविनमागे हे साधारण चार अधिकचे मृत्यू. इतक्या अवाढव्य देशात हा आकडा मोठा नाही, आणि तेवढ्यासाठी सण बंद करा असे संशोधकांनीही म्हटलेले नाही. पण शून्यासाठी टेबलावर दिवा लावायचा आणि या चौघांसाठी रस्त्यावर काहीच करायचे नाही, या हिशेबाला काळजी कसे म्हणायचे? अमेरिकेने २००७ पासून उन्हाळी वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत वाढवली, तेव्हा हॅलोविनला मुलांना तासभर जास्त उजेड मिळेल असेही सांगण्यात आले होते. घड्याळ पुढे राहिले. गाडीचा वेग तसाच राहिला. मोटार प्रत्येकाच्या दारात उभी असते, ती आपली असते, म्हणून तिची भीती वाटत नाही.

याच चुकलेल्या नेमाची छाप कायद्यांवरही पडली. अनेक राज्यांत लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव असलेल्यांनी त्या संध्याकाळी दिवे मालवून घरात बसावे असे नियम आहेत. मिसुरीच्या २००८ च्या कायद्याने तर ‘येथे खाऊ मिळणार नाही’ अशी पाटी दारावर लावणे सक्तीचे केले. पाटीची ही सक्ती घटनाबाह्य असल्याचे २०२४ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने ठरवले. मुलांवरच्या अत्याचारांबाबत पालक घाबरतात यात वावगे काही नाही. पण ३० राज्यांतल्या १९९७ ते २००५ मधल्या ६७ हजारांहून अधिक गुन्ह्यांची छाननी करणाऱ्या अभ्यासाला हॅलोविनच्या सुमारास अशा गुन्ह्यांत कोणतीही वाढ आढळली नाही. अशा पाट्या तपासत हिंडणारे पोलीस त्या वेळेत शाळेजवळच्या चौकात उभे राहू शकले असते. वेशांचेही तेच. ब्रिटनमध्ये २०१४ च्या हॅलोविनला सूत्रसंचालिका क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीच्या पोशाखाने मेणबत्तीवरून पेट घेतला, तेव्हा कुठे लोकांना कळले की असे वेश कायद्याने ‘खेळण्यां’त मोडतात आणि मुलांच्या रात्रीच्या कपड्यांइतकी कडक अग्निचाचणी त्यांना लागूच नाही. चेटकीण कोणाला जाळत नाही. जळतो तो तिचा नायलॉनचा झगा.

सर्वांत भीषण उदाहरण सोलचे. २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री इतेवॉनच्या गल्लीत चेंगरून १५९ माणसे मेली, बहुतेक विशी-तिशीतली. गल्लीची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास, उतार तीव्र, आणि कोविडची बंधने उठल्यावरचे ते पहिले हॅलोविन. संध्याकाळी ६.३४ ला पोलिसांना पहिला फोन गेला: इथे लोक चिरडून मरतील. दुर्घटना घडेपर्यंत पावणेचार तासांत असे ११ फोन गेले. त्या भागात १३७ पोलीस होते, पण त्यांत मोठा वाटा अमली पदार्थांवर पाळत ठेवायला साध्या वेशात आलेल्यांचा होता. वाईट माणूस शोधायला माणसे होती. गर्दी वळवायला नव्हती. पुढे ‘पाश्चात्त्यांचा सण साजरा करायला कोणी सांगितले होते’ असा सूर कोरियातही निघाला. आपल्याकडे तो अनोळखी नाही. मुंबई-पुण्यातल्या गृहसंकुलांत हॅलोविनची पार्टी झाली की त्यावरही हेच बोलले जाते. पण गर्दी सणाचे कूळ-गोत्र विचारत नाही. साताऱ्याजवळच्या मांढरदेवीला जानेवारी २००५ मध्ये अडीचशेहून अधिक भाविक गर्दीत जिवाला मुकले, ती यात्रा पूर्णपणे आपलीच होती. सोलमधल्या त्या भागाच्या पोलीसप्रमुखाला २०२४ मध्ये तीन वर्षांची कैद झाली, ती निष्काळजीपणासाठी.

हॅलोविनच्या या गोष्टीशी महाराष्ट्राचे नाते पार्टीपेक्षा खोल आणि जास्त लाजिरवाणे आहे. अनोळखी माणूस आपल्या मुलाचे काहीतरी करील, ही भीती पुराव्याशिवाय पसरली की काय होते, याचा अनुभव आपण १ जुलै २०१८ रोजी घेतला. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे. परक्या दारी हात पसरणे हाच ज्यांचा धर्म, त्यांनाच अनोळखी असण्याची ही शिक्षा मिळाली. अमेरिकेतली टेबलावरची झडती आणि हा जमाव यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे कोणी सांगायला नको. पण बीज एकच आहे, आणि मुलांचा छळ करणारे बहुतांश लोक त्यांच्या ओळखीतलेच असतात हे वास्तवही दोन्हीकडे तेच आहे.

‘थोडी जास्त काळजी घेतली तर बिघडले काय?’ हा सगळ्यांत समंजस वाटणारा आक्षेप. खाऊ एकदा नजरेखालून घालण्याने काहीच बिघडत नाही. दाणे किंवा काजू न सोसणाऱ्या मुलासाठी तर ते आवश्यकच आहे. बिघडते ते दरवर्षी तीच गोष्ट ऐकत वाढलेल्या मुलाला शेजार ही संभाव्य मारेकऱ्याची जागा वाटू लागते तेव्हा. अमेरिकन उपनगरांत मुलाने शेजाऱ्याचे दार वाजवावे आणि आतल्या एकट्या म्हातारीने ते हसून उघडावे, असे प्रसंग वर्षात किती येतात? भोंडल्याच्या दिवसांत या घरून त्या घरी जाऊन खिरापत ओळखणाऱ्या मुलींना त्यातली गंमत वेगळी सांगावी लागत नाही. आता तिकडे ‘ट्रंक ऑर ट्रीट’चे पेव फुटले आहे. चर्चच्या किंवा शाळेच्या वाहनतळावर गाड्या रांगेत लावतात, डिक्क्या सजवतात, आणि मुले एका डिक्कीकडून दुसरीकडे जाऊन खाऊ घेतात. वाहतूक नाही म्हणून ते सुरक्षित आहे, हे खरे. ज्यांच्या वस्तीत पदपथच नाहीत अशांची ती सोयही आहे. पण रस्त्यावर धोका मोटारीचा होता आणि सुटला तो शेजारी. मोटार तर सोहळ्याच्या मधोमध येऊन उभी राहिली.

शेजार सोडण्याऐवजी तो रस्त्यावर उतरवण्याची उदाहरणेही याच सणाने दिली आहेत. डेट्रॉइटमध्ये हॅलोविनची आदली रात्र जाळपोळीसाठी कुप्रसिद्ध होती. १९८४ मध्ये तीन दिवसांत आठशेहून जास्त आगी लागल्या. तिथला धोका खराखुरा होता, धूर दिसत होता. नव्वदच्या दशकात शहराने हजारो रहिवाशांना गस्तीला बोलावले, लोक आपापल्या गल्लीत दिवे लावून फिरले, आणि आगी वर्षानुवर्षे कमी होत गेल्या. न्यूयॉर्कने २०२२ पासून हॅलोविनला शहरातले अनेक रस्ते काही तास गाड्यांसाठी बंद करायला सुरुवात केली. चौकात अडथळे लागतात, मुले रस्त्याच्या मधून चालतात, मुखवट्यातून नीट दिसत नसले तरी चालते. रात्री अडथळे निघतात, आणि १ नोव्हेंबरला तीच मुले शाळेला जाताना पुन्हा कडेकडेने चालू लागतात.