कॉम्प्युटरवर भरवसा ठेवला, आणि ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली!

‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय.’ बँकेत किंवा रेशन दुकानात हे वाक्य कानावर पडलं की आपण बहुतेकदा वाद थांबवतो. ब्रिटनमध्ये याच भरवशापायी शेकडो प्रामाणिक लोकांवर चोरीचा शिक्का बसला.

नेमकं काय घडलं?

ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून शाखांचा हिशेब ‘होरायझन’ या कॉम्प्युटर प्रणालीवर न्यायला सुरुवात केली. प्रणाली फुजित्सू कंपनीची होती. लवकरच शाखा चालवणाऱ्या अनेक सब-पोस्टमास्टरांच्या स्क्रीनवर तूट दिसू लागली. पुन्हा पुन्हा मोजूनही हिशेब जुळेना. तूट त्यांनाच भरावी लागत होती. कुणी साठवलेले पैसे भरले, कुणी घरावर कर्ज काढलं. तक्रार केल्यावर अनेकांना सांगितलं गेलं, की असं फक्त तुमच्याकडेच होतंय.

१९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण चोरी, फसवणूक, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. २०१० मध्ये भारतीय वंशाच्या एका महिलेला तर गरोदर असताना तुरुंगात जावं लागलं.

कोर्टाच्या लक्षात कसं आलं नाही?

इंग्लंडमध्ये पूर्वी कॉम्प्युटरमधली नोंद पुरावा म्हणून द्यायची, तर तो नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. १९९९ च्या कायद्याने ही अट काढली. त्यानंतर कॉम्प्युटर बरोबर आहे असंच गृहीत धरलं जाऊ लागलं. चूक आहे म्हणणाऱ्याने ती दाखवायची. पण त्यासाठी लागणारी माहिती पोस्ट ऑफिस आणि कंपनीकडे होती, पोस्टमास्टरकडे फक्त स्क्रीन. शिवाय बहुतेक प्रकरणांत तपास करणारं आणि खटला भरणारं पोस्ट ऑफिसच होतं.

मग सत्य बाहेर कसं आलं?

ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जण एकत्र कोर्टात गेले. होरायझनमध्ये दोष होते, असा निकाल डिसेंबर २०१९ मध्ये हायकोर्टाने दिला. मे २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून शेकडो जणांवरचा दोष एकदम पुसला. तोवर काही जण हयातही नव्हते.

आपल्यासाठी मुद्दा काय?

सॉफ्टवेअरमध्ये चुका असतातच. इथे अन्याय झाला, कारण तफावत दिसताच चूक माणसाचीच असं ठरवलं गेलं. त्यामुळे ‘सिस्टीममध्ये असंच दिसतंय’ असं कुणी म्हटलं, तर एक प्रश्न नक्की विचारा: ही नोंद चुकीची असेल, तर ती तपासणार कोण?