निवाऱ्यातला खोकला आणि इंदूरची कसोटी

शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील भटकी कुत्री निर्बीजीकरण व लसीकरण करून निवारा केंद्रांत ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. तो गोव्यालाही लागू आहे. चर्चा मात्र श्वानदंश आणि रेबीज यांच्यापुढे सरकलेली नाही. अनेक कुत्री एका छताखाली आली की जो आजार बहुधा आधी डोके वर काढतो, तो श्वसनमार्गाचा.

या प्रश्नाकडे इंदूरच्या निमित्ताने पाहणे उपयुक्त ठरेल. कारण शहर कसे चालवावे याचे धडे घ्यायला देशभरच्या पालिका तिकडेच जातात. स्वच्छ सर्वेक्षणात 2017पासून सलग सात वेळा अव्वल आलेल्या होळकरांच्या या नगरीने 2025च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणातही मोठ्या शहरांत पहिला क्रमांक मिळवला. हे गुण प्रामुख्याने उपाययोजनांचे असतात, हवेचे नव्हेत, हे सहसा सांगितले जात नाही. हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या केंद्रीय यादीत इंदूरचेही नाव आहे. झाडलेल्या रस्त्यावर कुत्रे झोपते, पण त्याचे नाक धूर आणि धूळ यांच्याच उंचीवर असते.

निवाऱ्यातील खोकला बहुतेकदा बोर्डेटेला हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झा, अॅडिनो यांसारखे विषाणू मिळून घडवतात. सुदृढ जनावर आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होते. तोवर प्रतिजैविकाची गरज नसते. ताप, भूक मंदावणे किंवा धाप ही लक्षणे दिसली, तर मात्र आजार खाली, फुप्फुसांकडे उतरल्याची शंका घ्यावी लागते. पिल्ले आणि डिस्टेंपरची बाधा झालेली कुत्री येथेच दगावतात. नवागत प्राण्यांना वेगळे ठेवण्याची जागा आणि वाहती हवा, एवढ्याने अर्धे काम होते. नेमकी हीच जागा घाईत उभारलेल्या केंद्रांत सर्वप्रथम कमी पडते.

खरी अडचण निदानाची आहे. दोन महिन्यांहून अधिक काळ टिकणारा खोकला जुनाट श्वासनलिकादाहाचा असू शकतो, हृदयविकाराचा किंवा कृमींचाही. क्ष-किरण चित्रात श्वासनलिकांच्या भिंती जाड दिसतात. निश्चितीसाठी भूल देऊन दुर्बिणीने नलिका पाहाव्या लागतात, त्या धुऊन आलेल्या द्रवातील पेशी तपासाव्या लागतात. इंदूरला त्यासाठी निदान शेजार चांगला आहे. वीस-पंचवीस किलोमीटरवरील महू येथे 1955पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तरीही रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी ही तपासणी कोण आणि कोणत्या खर्चातून करणार, याचे उत्तर प्राणी जन्मनियंत्रण नियम, 2023 मध्ये शोधून सापडत नाही. त्या नियमांचा भर निर्बीजीकरण व लसीकरणावर आहे. अशा वेळी प्रत्येक खोकल्याला प्रतिजैविकाचे इंजेक्शन, हीच सोय होऊन बसते.

मांजराची कथा याहून दुर्लक्षित. मान पुढे ताणून, अंग जमिनीलगत धरून ते खोकते, तेव्हा घरची माणसे ‘केस अडकले असतील’ म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात तो दम्याचा झटका असू शकतो. अशा मांजराला प्रेडनिसोलोन दिले जाते. पुढे लहान मुलांच्या पंपासारखाच मुखवटा लावून फ्लुटिकॅसोन श्वासातून देता येते आणि पोटातल्या स्टेरॉइडचे दुष्परिणाम टळतात. उदबत्ती, डास पळवणारी कॉइल आणि भिंतीवरची बुरशी यांनी हा त्रास वाढतो. पावसाळ्यातल्या गोव्याच्या घरांना यांतले काहीच अपरिचित नाही. माणसांसाठीची पॅरासिटामोल मात्र मांजराला विषासमान आहे.

गोव्याने रेबीजविरुद्धच्या लसीकरणात घरोघर, वाड्यावाड्यांत जाऊन केलेले काम देशात वाखाणले गेले. ती यंत्रणा मोकळ्या कुत्र्यांसाठी उभी राहिली होती. आता कोंडलेल्या कुत्र्यांची जबाबदारी येत आहे. केंद्रांचे आराखडे मंजूर करताना विलगीकरण कक्ष, क्ष-किरणाची सोय आणि तज्ज्ञ पशुवैद्याची भेट यांच्या नोंदी त्यांत आहेत का, हे पालिका मंडळांच्या बैठकांत विचारता येण्यासारखे आहे. झोपलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसपेक्षा कमी असावा. तो मोजायला घड्याळ आणि एक सजग कर्मचारी पुरतो.